कानावरची खूण

तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंतीवरची पाटी काढली, उलटी केली आणि माझ्यापुढं धरली. पाटीच्या मागं निळा गोल शिक्का होता. टेकडीवरच्या कॉलेजचा. आम्ही उभे होतो टेकडीखालच्या कॉलेजात.

"ही काल मी वर पाहिली," साहेब म्हणाले. "तिथल्या मुलीनं हिच्यावर सुरेख पाठ घेतला. आज ही इथं कशी?"

पाटी माझी होती. प्लायवूडचा तुकडा, त्यावर हिरवं कापड, कापडावर मेंढरं कोंडायचे दोन वाडे आणि वीस मेंढरं. खऱ्या लोकरीची. एकेका मेंढराच्या पोटाला टिचबटण लावलेलं, म्हणजे पोरांना मेंढरू काढून या वाड्यातून त्या वाड्यात लावता यावं. पहिलीला बेरीज-वजाबाकी अशी शिकवावी हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, रोज वाड्याच्या तोंडाशी उभे राहून जोड्याजोड्यांनी मेंढरं मोजायचे. पाच वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या शेजारी उभी राहून मोजत आले.

साहेबांनी विचारलं, "कुठली गं तू?"

"माकणीजवळची."

"घरी काय आहे?"

"मेंढरं."

साहेब बरोबरच्या दोघांकडं वळले. "मेंढरंवाल्याची पोरगी, आणि मेंढरं उसनी आणली." तिघंही हसले. हसता हसता एकानं कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

मग त्यांनी भिंतीवरचं सगळं एकेक करून उलटं केलं. घड्याळ. ऋतुचक्र. जिल्ह्याचा नकाशा, ज्यात माझ्या वर्गातल्या रुक्सानानं तेरणा नदी निळ्या दोऱ्यानं शिवली होती. प्रत्येकाच्या मागं तोच शिक्का. आमच्या प्राचार्या शेख मॅडम म्हणाल्या, "सर, हे आमच्या मुलींनी केलेलं आहे. वरच्यांनी त्यांच्या तपासणीसाठी मागून नेलं होतं. आज सकाळीच परत आलं."

"मॅडम, मला शिक्का दिसतो. तुमच्याकडं लेखी काही आहे?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. शैक्षणिक साहित्याची खोली माझ्या ताब्यात होती. बाहेर जाणाऱ्या सामानाची वहीही माझ्याच ताब्यात होती. मी मान खाली घातली. दोन वाक्यं बोलायची होती, ती माझ्या तोंडून निघाली नाहीत. का निघाली नाहीत ते आता लिहितेय. त्यात माझी चूक आहे, आणि चुकीच्या बुडाशी हेवा आहे. तो झाकून हे सांगता येणार नाही.

आम्ही धनगर. आमच्या घरात बारावीपर्यंत पोहोचलेली मीच पहिली. डी.एड. करायचं आणि शाळेत शिकवायचं, याच्यापलीकडं मी काही मागितलं नव्हतं. वरच्या कॉलेजच्या प्रतीक्षायादीत माझं नाव लागलं आणि तिथंच राहिलं. खालच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हे कॉलेज मुस्लिम समाजाच्या एका ट्रस्टनं काढलेलं. अल्पसंख्याक संस्था. काही जागा त्यांच्या मुलामुलींना, बाकीच्या सगळ्यांना. वर पत्रे, खाली चार खोल्या. शिकवणारी माणसं मात्र घंटा व्हायच्या आत वर्गात असायची. गावात लोक अप्पांना विचारायचे, "पोरीला मदरशात घातली व्हय?" अप्पा म्हणायचे, "फळा हाय, खडू हाय. अजून काय लागतंय?"

वरचं कॉलेज जुन्या, मोठ्या संस्थेचं. दगडी खांब, पुढं बाग, फाटकावर पहारेकरी. दोन्ही कॉलेजांच्या मुलींचे सराव पाठ एकाच जिल्हा परिषद शाळेत व्हायचे. तिथं मला मधुरा भेटली.

मधुराचं घराणं मूळ तुळजापूरचं, देवळाच्या मागच्या गल्लीतलं, पुजाऱ्यांचं. आजोबा शिक्षक होते. वडील वरच्या कॉलेजात मुख्य लिपिक. त्यांना सगळे नाना म्हणत.

मी मधुरावर जळायचे. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतेय. तिच्या कडक इस्त्रीच्या साडीवर जळायचे. तिच्या टाचणवहीच्या खाकी कव्हरवर जळायचे. ती फळ्यावर लिहायची तेव्हा ओळ सरळ जायची, माझी खाली उतरायची, त्याच्यावर जळायचे. पाठ संपला की नाना फाटकाशी स्कूटर घेऊन उभे असायचे. मला एसटीच्या फाट्यापर्यंत चालत जायचं असायचं. पाठ घेताना ती अडली की तिचे सर म्हणायचे, "मधुरा, अगं असं नाही." मी अडले की तेच सर विचारायचे, "खालच्या कॉलेजची ना?"

आणि ती कुणाला वाईट बोलायची नाही. हे मला सगळ्यात जास्त झोंबायचं. वाईट वागायची तिला गरजच पडत नव्हती.

पाटी घेऊन मी पहिल्यांदा शाळेत गेले त्या दिवशी वरच्या कॉलेजच्या दोघीतिघींनी नाकाला पदर लावला. "मेंढरंवाली आली," एक म्हणाली. तेच माझं नाव झालं. मधुरा हसली नाही. त्या मुलींना गप्पही केलं नाही. पाठ संपल्यावर तिनं जवळ येऊन लोकरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती गोड केलंयस गं." ते एक वाक्य मी आठवडाभर मनात घोळवत होते. इतकी भुकेली होते मी.

आता तपासणीचं सांगते. आमच्याकडं तपासणी आली की एका कॉलेजचं सामान दुसऱ्या कॉलेजात जातं. खुर्च्या जातात, कपाटं जातात, भिंतीवरची घड्याळंसुद्धा जातात. याला कुणी लबाडी म्हणत नाही, शेजारधर्म म्हणतात. त्या वेळी वरच्या कॉलेजची तपासणी आमच्या आदल्या दिवशी होती. त्यांच्याकडं इमारत होती, बाग होती, पण मुलींनी हातानं केलेलं साहित्य नव्हतं. त्यांच्या मुली तक्ते बाजारातून विकत आणायच्या. नानांनी मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "घेऊन जा. उद्या सकाळी तेवढं परत करा." वरचा शिपाई टेम्पो घेऊन आला आणि सगळं घेऊन गेला. वहीत मी एकेक वस्तू लिहिली. तारीख लिहिली. सहीच्या रकान्याशी आल्यावर शिपाई म्हणाला, "नाना करतील."

पाटी त्या यादीत नव्हती. ती न्यायला मधुरा स्वतः आली. आमच्या पत्र्याच्या खोलीत, माझ्या बाकावर येऊन बसली. तिनं मला मेंढरंवाली म्हटलं नाही, माझ्या नावानं हाक मारली. म्हणाली, "एक दिवस दे ना. तुझ्या पाटीवर मी पाठ घेते."

मी वही उघडली. पाटी लिहिली. म्हटलं, "इथं सही कर. शिपायानं नेलेल्या सामानाची पण तूच कर, नानांच्या वतीनं."

ती हसली. "माझ्यावर विश्वास नाही का गं तुझा?"

मी वही मिटली. लाजले आणि मिटली. तिच्याकडून सही मागणं म्हणजे मी कुणीतरी हलकी, हिशेबी पोर आहे असं मला वाटलं. तिच्यासारख्या मुली अशा सह्या मागत नसतील, असंही वाटलं. ती पाटी घेऊन चढणीवरून गेली आणि मी दारात उभी राहून तिच्याकडं बघत राहिले. त्या दिवशी मी फार खूश होते.

वरच्या कॉलेजची एक पद्धत होती. तपासणीच्या आधी हाताला लागेल त्या वस्तूवर शिक्का मारायचा. आमच्या सगळ्या सामानावर त्यांनी तो मारला. दुसऱ्या दिवशी सामान परत आलं तेव्हा साहेबांची गाडी यायला तासही उरला नव्हता. घाईघाईत आम्ही सगळं भिंतीवर टांगलं. एकीनंही एकही तक्ता उलटा करून बघितला नाही.

एक गोष्ट मला त्या वेळीही माहीत होती. मेंढरांचे कान मी अप्पांच्या जुन्या वहाणेच्या कातड्याचे केले होते. कान कापताना हातानं सवयीनं आमच्या घरची खूण केली होती. डाव्या कानाला शेंड्याशी तिरपी कातर, उजव्या कानाला मधोमध चीर. रानात दोन कळप एकमेकांत मिसळले तर मेंढरू कुणाचं हे याच खुणेवरून ठरतं. साहेब पाटी हातात धरून हसत होते तेव्हा वीसच्या वीस मेंढरांच्या कानांवर आमची खूण होती. मी कान दाखवायला हवे होते. पण कान दाखवले असते तर वही कुठं आहे असं विचारलं असतं, आणि वहीत सही का नाही ते मला मॅडमपुढं सांगावं लागलं असतं.

साहेब जाताना म्हणाले, "ज्याचं आहे त्याला परत करा." दुपारी वरचा शिपाई पुन्हा टेम्पो घेऊन आला. आमचं सामान त्यांचं म्हणून घेऊन गेला. पाटी मी माझ्या हातानं टेम्पोत ठेवली.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "बेटा, वहीवर सही का नाही?"

"विसरले मॅडम."

"होतं असं कधी कधी," त्या म्हणाल्या. मला त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं मान्यता काढून घेतल्याचं पत्र आलं. कारण असं, की संस्थेकडं स्वतःचं शैक्षणिक साहित्य नाही आणि तपासणीच्या दिवशी दुसऱ्या संस्थेचं साहित्य स्वतःचं म्हणून दाखवलं. खाली आणखी एक ओळ होती, की या तालुक्यात आणखी कॉलेजची गरज दिसत नाही. ट्रस्टनं खंडपीठात याचिका टाकली. वकीलसाहेब एकदा कॉलेजात आले आणि आम्हा सगळ्या मुलींना समोर बसवून समजावून सांगितलं. "अल्पसंख्याकांना आपली शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क घटनेनं दिलाय. त्यावर मी भांडेन. गरज नाही म्हणणारी ओळसुद्धा मी खोडून काढीन. पण हक्क आहे म्हणून दर्जा नसला तरी चालेल, असं कुठलंच कोर्ट म्हणणार नाही. साहित्य उसनं होतं हे खोटं आहे ना? मग ते खोटं आहे हे सांगणारा माणूस मला पाहिजे. कागद पाहिजे."

मी पहिल्या बाकावर बसले होते. बोलले नाही.

कोर्टानं आम्हाला परीक्षेला बसू दिलं. निकाल मात्र याचिकेचा निर्णय होईपर्यंत राखून ठेवायला सांगितला. म्हणजे मी पास आहे की नापास, हे आजही मला माहीत नाही. तारखा पडत गेल्या. रुक्सानाचं लग्न झालं. दोघी शिवणकाम करायला लागल्या. मी गावी आले आणि पुन्हा मेंढरांमागं जायला लागले. धरणाच्या पाण्याकडेनं मेंढरं चारताना टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, पुस्तक पिशवीत असायचं. ते वाचून उपयोग नव्हता, निकाल नाही तर कुठलाच अर्ज भरता येत नव्हता. तरी वाचायचे.

मधुराचा निकाल लागला. टीईटीही निघाली. एके दिवशी भावाची पोरगी, जी तेव्हा पहिलीत होती, सांगत आली की शाळेत नवीन बाई आल्या आहेत. मी बघायला गेले. गावानं नारळ देऊन बाईंचं स्वागत केलं. मी बायकांच्या मागं उभी होते. मोतिया रंगाची साडी, तोच इस्त्रीचा काठ. मधुरा. माझ्या गावात, माझ्या शाळेत, ज्या फळ्यावर मी पहिला अ काढला त्या फळ्यापुढं.

त्यानंतरचं वर्ष कसं काढलं ते सांगायला नको. रोज सकाळी मेंढरं घेऊन शाळेच्या कुंपणाकडेनं जायचं आणि आतून तिचा आवाज यायचा. कितीदा मनात आलं, आज ती फळ्यावर चुकावी. आज पोरांनी तिचं ऐकू नये. पोरं ऐकायची. भावाची पोरगी घरी येऊन तिच्यासारखी बोलायची, तिच्यासारखी केसांची बट मागं सारायची. मी त्या लेकरावरही चिडायचे.

तेवढ्यात नानांचा फोन आला. भेटायला बोलावलं होतं.

वरच्या कॉलेजच्या कचेरीत मी पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. चहा आला. नानांनी टाइप केलेला कागद पुढं ठेवला. ते शांतपणे, लेकीशी बोलावं तसं बोलत होते.

"त्यांच्या वकिलानं आता आमचं नाव घेतलंय. म्हणे आम्हीच त्यांचं साहित्य नेलं. उद्या आमच्या मान्यतेवर येईल. तुला एवढंच लिहून द्यायचंय की साहित्य आमचं होतं, तुमच्या प्राचार्यांनी मागून आणलं होतं. साहित्याची खोली तुझ्याकडं होती, तुझ्या सहीला किंमत आहे."

मी कागद वाचत होते.

"खालचं कॉलेज बंद झालं की तिथल्या मुलींना आम्ही सामावून घेऊ. एक सत्र काढायचं, परीक्षा द्यायची. पुढच्या वर्षी तू मधुरासारखी शाळेत असशील. त्या लोकांच्या भांडणात तू कशाला पडतेस? तू आपल्यातली."

दोन वर्षं मी मेंढरंवाली होते. त्या दिवशी चहाच्या एका कपात मी आपल्यातली झाले.

आणि खरं सांगते, मी पेन हातात घेतलं. मधुरासारखी हा शब्द त्यांनी नेमका काढला होता. मला साडी दिसायला लागली, फळा दिसायला लागला, हजेरीपट दिसायला लागला. शेख मॅडम डोळ्यांपुढं आल्या नाहीत, रुक्सानाही आली नाही. माझं निम्मं नाव लिहून झालं होतं.

तेव्हा नाना म्हणाले, "नीट वळणदार कर सही. कोर्टात जायचीय."

माझा हात थांबला. मला वही आठवली. मी मान वर करून विचारलं, "काका, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

ते हसले. अगदी मधुरासारखे. "अगं, विश्वासाचं काय. कोर्टाला कागद लागतो."

"उद्या देते," मी म्हटलं आणि कागद पिशवीत घालून निघाले.

घरी आले तर अप्पा ओसरीवर बसले होते. भाऊ आणि वहिनी कळप घेऊन लांब गेलेले, म्हणून नातीच्या शाळेतल्या पालक सभेला तेच जाऊन आले होते. गुडघ्याला तेल चोळत ते म्हणाले, "साळंत आपल्या खुणेची मेंढरं हायत की गं."

मधुरा पाटी वरच्या कॉलेजातून बरोबर घेऊन आली होती, हे मला तेव्हा कळलं.

"भिताडाला टांगल्यात. म्या जवळ जाऊन बघितलं. डावा कान, उजवा कान. आपलीच हायत. बाईला ईकली व्हय?"

"न्हाय अप्पा. दिली व्हती. एक दिसापुरती."

"देताना चार मानसं व्हती?"

"न्हाय."

"मग तू कान वर केला का न्हाईस?"

अप्पांना अक्षर वाचता येत नाही. त्यांनी ती पाटी एका नजरेत वाचली होती. साहेबांनी शिक्का वाचला, मधुरानं वर्षभर तिच्यावर पोरं शिकवली, पण त्या मेंढरांना कान आहेत हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी अप्पांना सगळं सांगितलं. वही, सही, साहेबांचं हसणं, पिशवीतला कागद. जळत होते तेही सांगितलं. अप्पांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

मग म्हणाले, "आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात घावलं तर भांडत न्हाईत. चार मानसांत कान वर करायचा. समोरचा सोडून देतो. न्हाय सोडलं तर पंचक्रोशीत त्येच्याशी कुनी येव्हार करत न्हाई. पर कान आपल्यालाच वर करावा लागतो. मेंढरू बोलत नसतंय."

आत जाऊन त्यांनी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी निम्म्या नावाचा तो कागद मी नानांच्या टेबलावर ठेवला.

"सही करणार नाही."

"नीट विचार कर. वय निघून जाईल."

"जाऊ द्या."

नानांच्या चेहऱ्यावरचं लेकीशी बोलणं गेलं. "त्या लोकांच्यात राहून तुला पण कोर्टकचेरीचा नाद लागला," ते म्हणाले. "बाहेर जाताना दार ओढून घे."

मी दार उघडंच ठेवून आले.

तिथून खाली उतरले आणि शेख मॅडमच्या घरी गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या पाठीवर हात ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं, बेटा. माझ्या सगळ्या पोरी दोन वर्षं घरी बसल्यात. मी ट्रस्टच्या लोकांची बोलणी खाल्ली, की बाई, तुमच्याच निष्काळजीपणानं कॉलेज गेलं. आणि सही कुणी टाळली, खूण कुठं आहे, हे तुला माहीत होतं."

"होय मॅडम."

"माझ्याकडं वर बघून सांग."

मी वर बघून सांगितलं. त्यांनी मला चहा विचारला नाही. वकीलसाहेबांना फोन लावला.

शपथपत्र लिहून घेताना वकीलसाहेब एका जागी थांबले. "सही का घेतली नाही, हा भाग गाळू या का? सामान वरच्यांनी नेलं, एवढं पुरेल. हे राहिलं तर तुझ्या चुकीचा कागद कायमचा दप्तरात जाईल. उद्या नोकरीच्या वेळी कुणीही काढून दाखवेल."

"गाळू नका."

"मग काय लिहू?"

"लिहा, की मी सही मागितली होती. ती म्हणाली विश्वास नाही का, आणि मला तिच्यासारखं व्हायचं होतं म्हणून मी वही मिटली."

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्या भाषेत लिहिलं. कानांवरच्या खुणेचंही लिहिलं, डावा कसा आणि उजवा कसा. अप्पांचं वेगळं शपथपत्र केलं. त्यावर त्यांचा अंगठा आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी मधुराच्या वर्गात गेले. पिशवीत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स होती. ती बाकं सरळ करत होती.

"अगं तू," ती म्हणाली. "गावात राहून कधी आली नाहीस."

माझी नजर आधी तिच्या टेबलाकडं गेली. टेबलावर तिची खुर्चीत घालायची गादी होती, हजेरीपट होता, तांबड्या शाईचं पेन होतं. मी भिंतीवरची पाटी काढली आणि एका मेंढराचा कान चिमटीत धरून वर केला.

"हे बघ."

"काय?"

"कान."

ती वाकून बघायला लागली. मग दुसऱ्या मेंढराचा कान बघितला, मग तिसऱ्याचा. "मला वाटलं, पोरांनी ओढून फाडले असतील," ती म्हणाली.

"आमच्या घरची खूण आहे. सगळ्यांच्या कानावर आहे."

झेरॉक्स तिच्यापुढं ठेवली. वस्तू, कुणी नेली, तारीख, सही. चौथा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा. "सही कर. जुनी तारीख नको, आजची घाल. एवढंच, की ही पाटी आणि सामान तुम्ही आमच्याकडून नेलं होतं."

तिनं कागद वाचला. चेहरा उतरला. खोटी नव्हती ती, खरोखर घाबरली होती. "माझी नोकरी अजून कायम नाही गं. नानांचं काय होईल?"

"माहीत नाही."

"तू तेव्हाच का नाही बोललीस? साहेबांपुढं?"

प्रश्न बरोबर होता. त्याला मी उत्तर दिलं. "घाबरले होते. आणि तुझ्यासारखं व्हायचं होतं."

"आणि आता?"

"आताही व्हायचंय."

कागद घडी करून तिनं माझ्या हातात परत दिला, अगदी हळू, जसं आजारी माणसाला काही देतात तसं. "मला विचार करू दे," ती म्हणाली.

"कर. पुढच्या शनिवारी येते."

पाटी मी भिंतीवर परत टांगली. माझ्या गावची पोरं तिच्यावर मोजतात, मोजू देत. ती आणायला गेलेच तर सगळ्यांसमक्ष आणीन.

हे लिहितेय तेव्हा तीन शनिवार झाले आहेत. सही झालेली नाही. निकाल अजून राखून ठेवलेला आहे. केस आपल्या बाजूनं लागेल असं वकीलसाहेबही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. मॅडम माझ्याशी कामापुरतं बोलतात. मधुराचा हेवा मला अजून वाटतो, खोटं कशाला बोलू. तिच्यासारखी खुर्ची मला पाहिजे, तिच्यासारखा हजेरीपट पाहिजे. कुणी सामावून घेतलं म्हणून तो मला नको. माझ्या कॉलेजच्या नावावर, माझ्या निकालावर पाहिजे.

या महिन्याच्या शेवटी पालक सभा आहे. अप्पा येणार आहेत. त्यांनी गावातल्या आणखी तिघांना सांगून ठेवलंय. सभेत सगळ्यांपुढं मी ती पाटी काढणार आहे आणि कान वर करणार आहे. एकेक करून, वीसही मेंढरांचे. मधुरा समोर असेल. त्यानंतर खंडपीठात तारीख आहे, तिथंही मी उभी राहणार आहे, आणि माझी चूक माझ्या तोंडानं सांगणार आहे. झेरॉक्स पिशवीत आहे. रकाना भरेपर्यंत दर शनिवारी मी त्या वर्गाच्या दारात असेन.